तक्त्यांची नाती आणि त्यांची मोजदाद

बँकेतील खाती, रुग्णालयातील नोंदी, विद्यापीठांचे निकाल, जमिनींचे उतारे अशी आजची बहुतेक व्यवस्थित माहिती रिलेशनल डेटाबेसमध्ये साठवलेली असते. या पद्धतीत सगळी माहिती एकाच वहीत कोंबली जात नाही. ती अनेक तक्त्यांत विभागली जाते आणि समान क्रमांकांच्या आधारे पुन्हा जोडता येते. एका तक्त्यातील प्रत्येक ओळीशी दुसऱ्या तक्त्यातील किती ओळी जोडलेल्या आहेत, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, सरासरीने किती आणि जोडीदाराविना राहिलेल्या किती, हे आकड्यांत मांडणे म्हणजे तक्त्यांमधील संबंध मोजणे होय.

आराखड्यात रेखाटलेले नाते हे एक वचन असते. प्रत्यक्ष नोंदींत ते पाळले गेले आहे की नाही, हे मोजल्याशिवाय समजत नाही. न मोजता काढलेली बेरीज चुकू शकते, आणि ती बेरीज जमिनीची, अनुदानाची किंवा वारसांची असेल तर चुकीची किंमत संगणकाला नव्हे, माणसाला मोजावी लागते.

कल्पनेचा उगम

या पद्धतीचा पाया एडगर कॉड यांनी घातला. आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत असताना १९७० मध्ये त्यांनी मोठ्या सामायिक माहितीसाठ्यांसाठी रिलेशनल प्रतिमान मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. याच कार्याबद्दल १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘रिलेशनल’ हे नाव तक्त्यांमधील नात्यांवरून पडलेले नाही. गणितातील ‘रिलेशन’ ही संकल्पना कॉड यांनी वापरली आणि त्या अर्थाने तक्ता हाच एक रिलेशन असतो. दोन तक्त्यांमधील नाते ही त्यापुढची पायरी आहे.

त्या नात्याला स्वतंत्र स्थान मिळाले ते पीटर चेन यांच्या १९७६ मधील निबंधामुळे. वस्तू आणि त्यांच्यातील संबंध चित्रातून दाखवण्याची पद्धत त्यांनी मांडली. एकास एक, एकास अनेक आणि अनेकास अनेक हे संबंधांचे तीन प्रकार आज प्रत्येक विद्यार्थी शिकतो. विवाहनोंदणी क्रमांक आणि त्याचे प्रमाणपत्र यांत एकास एक नाते असते. शाळा आणि तिच्या पटावरील विद्यार्थी यांत एकास अनेक असते. विद्यार्थी आणि विषय यांत अनेकास अनेक असते, कारण एक विद्यार्थी अनेक विषय घेतो आणि एक विषय अनेक विद्यार्थी घेतात.

तक्त्यात प्रत्येक ओळीची ओळख पटवणाऱ्या स्तंभाला प्रायमरी की म्हणतात. तोच क्रमांक दुसऱ्या तक्त्यात संदर्भासाठी आला की त्याला फॉरेन की म्हणतात. अनेकास अनेक नात्यासाठी दोन्हींच्या मध्ये तिसरा, जोडणारा तक्ता लागतो आणि त्याच्या प्रत्येक ओळीत दोन्हीकडचे क्रमांक असतात.

उताऱ्यावरचे नाते

अनेकास अनेक नात्याचे उत्तम उदाहरण महसूल दप्तरात संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. महाराष्ट्रातील सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्रित उतारा. तो जमिनीच्या बाजूने वाचला जातो: हा गट कोणाकोणाच्या नावे आहे? गाव नमुना ८-अ हा खातेदाराच्या बाजूने वाचला जातो: या खात्यावर गावात कोणकोणते गट आहेत? एकाच नात्याची ही दोन टोकांवरून केलेली दोन वाचने आहेत. गोव्यातील एक-चौदाच्या उताऱ्यावरही एका सर्व्हे क्रमांकाच्या पोटविभागासमोर अनेक कब्जेदारांची नावे असू शकतात आणि एकाच व्यक्तीचे नाव अनेक पोटविभागांच्या उताऱ्यांवर असू शकते.

डेटाबेसमध्ये याचे तीन तक्ते होतात. ‘जमिनी’ या तक्त्यात गट क्रमांक आणि क्षेत्र, ‘धारक’ या तक्त्यात व्यक्तीचा क्रमांक आणि नाव, तर ‘धारणा’ या जोडतक्त्यात गट क्रमांक, धारकाचा क्रमांक आणि हिस्सा. मोजणी समजून घेण्यासाठी एका काल्पनिक वाडीतील पाच जमिनी आणि सहा धारक घेऊ.

गट १०१, क्षेत्र ०.८० हेक्टर: धारक १, २, ३ आणि ४
गट १०२, क्षेत्र १.२० हेक्टर: धारक १
गट १०३, क्षेत्र ०.५० हेक्टर: धारक २ आणि ५
गट १०४, क्षेत्र २.०० हेक्टर: धारक ५
गट १०५, क्षेत्र ०.६० हेक्टर: धारणेची नोंद नाही

धारक ६ यांचे नाव धारकांच्या तक्त्यात आहे, पण त्यांच्या नावे एकही जमीन नाही. शिवाय धारणेच्या तक्त्यात गट १०६ आणि धारक ३ अशी एक ओळ आहे, मात्र जमिनींच्या तक्त्यात गट १०६ अस्तित्वातच नाही. म्हणजे धारणेच्या एकूण ९ ओळी झाल्या. त्यांपैकी ८ ओळींना दोन्ही बाजू आहेत.

मोजणीचे आकडे

जमिनीच्या बाजूने मोजले तर प्रत्येक गटाचे धारक अनुक्रमे ४, १, २, १ आणि ० आहेत. किमान ०, कमाल ४, सरासरी १.६ आणि मध्यक १. धारकाच्या बाजूने मोजले तर प्रत्येकाच्या जमिनी २, २, १, १, २ आणि ० आहेत. किमान ०, कमाल २, सरासरी सुमारे १.३३.

या आकड्यांपैकी प्रत्येक जण वेगळे काही सांगतो. कमाल आकडा नात्याचा प्रकार ठरवतो. दोन्ही बाजूंची कमाल एकाहून अधिक असल्याने हे नाते अनेकास अनेक आहे. एका बाजूची कमाल १ निघाली असती तर ते एकास अनेक ठरले असते. किमान आकडा नाते सक्तीचे आहे की ऐच्छिक, हे सांगतो. येथे दोन्ही बाजूंची किमान संख्या शून्य आहे, म्हणजे धारकाविना जमीन आणि जमिनीविना धारक या दोन्ही गोष्टी नोंदींत घडलेल्या आहेत. सरासरी आणि मध्यक यांतील अंतर नात्याचा विषमपणा दाखवते. बहुतेक गटांना एकदोनच धारक असताना एका गटाला चार आहेत. खऱ्या गावात अशा एखाद्या गटाला चाळीस सहधारकही असू शकतात आणि सारे वाद नेमके तिथेच असतात.

ताळा पाहण्याची सोपी रीतही याच आकड्यांत आहे. ५ जमिनी गुणिले १.६ म्हणजे ८, आणि ६ धारक गुणिले सुमारे १.३३ म्हणजेही ८. नाते कोणत्याही टोकापासून मोजले तरी जोडओळी तितक्याच भरल्या पाहिजेत. त्या भरल्या नाहीत तर मोजणाऱ्याने कुठेतरी ओळी गाळल्या आहेत किंवा दोनदा धरल्या आहेत, हे नक्की.

ओळी गाळण्याची चूक शून्याच्या ठिकाणी सर्वाधिक होते. साध्या जॉइनने दोन तक्ते जोडले की जोडीदार नसलेल्या ओळी निकालातून नाहीशा होतात. गट १०५ असा नाहीसा झाला की सरासरी ८ भागिले ४, म्हणजे २ दिसू लागते आणि किमान संख्या १ होते. धारक नसलेली जमीन गावात नाहीच, असा चुकीचा निष्कर्ष त्यातून निघतो. यासाठी लेफ्ट जॉइन वापरून आधी सर्व जमिनी घ्याव्या लागतात. त्यातही काउंट स्टार वापरल्यास गट १०५ ची रिकामी ओळ एक म्हणून मोजली जाते. धारणेच्या तक्त्यातील स्तंभ नाव घेऊन मोजला, तरच शून्य हे शून्य राहते.

बेरीज कुठे फसते

आता या वाडीचे एकूण क्षेत्र किती, हा प्रश्न विचारला तर जमिनींच्या तक्त्यातून थेट ५.१० हेक्टर हे उत्तर मिळते. परंतु अहवालात धारकांची नावेही हवीत म्हणून आधी धारणेचा तक्ता जोडला आणि मग क्षेत्राची बेरीज केली, तर उत्तर ७.४० हेक्टर येते. गट १०१ चार धारकांमुळे चारदा मोजला जातो आणि ०.८० चे ३.२० होतात. गट १०३ दोनदा मोजला जातो. गट १०५ मात्र गळून पडतो. म्हणजे २.९० हेक्टर जादा आणि ०.६० हेक्टर कमी अशा दोन उलट दिशांच्या चुका एका बेरजेत मिसळतात. मोठ्या तालुक्यात अशा चुका एकमेकींना झाकू शकतात. मग एकूण आकडा विश्वासार्ह वाटतो आणि आतला प्रत्येक गट चुकीचा असतो.

एका मूळ तक्त्याला दोन वेगळे ‘अनेक’ जोडले की हा गुणाकार आणखी वाढतो. चार धारक आणि तीन पिके असलेल्या गटाला दोन्ही तक्ते एकदम जोडल्यास सात नव्हे, बारा ओळी तयार होतात. प्रत्येक धारकासमोर प्रत्येक पीक येते, जणू त्यानेच ते घेतले. सातबाराच्या कागदावर धारकांचा नमुना ७ आणि पिकांचा नमुना १२ हे वेगळे भाग ठेवलेले असतात. दोन स्वतंत्र नाती एकाच यादीत मिसळू नयेत, हा धडा त्या मांडणीतच आहे. डेटाबेसमध्येही प्रत्येक नात्याची बेरीज स्वतंत्र काढून मग ती जोडणे हाच सुरक्षित मार्ग ठरतो.

वाटणीसाठी हिस्सा हा स्तंभ उपयोगी पडतो. जुन्या नोंदींत हिस्सा आणे-पैत लिहीत आणि सोळा आणे म्हणजे पूर्ण मालकी. प्रत्येक ओळीत क्षेत्राला हिश्श्याने गुणले तर जोडलेल्या तक्त्याची बेरीजही खरी येते, मात्र प्रत्येक गटाच्या हिश्श्यांची बेरीज बरोबर सोळा आणे असली पाहिजे. बारा आणे भरली तर कोणाची तरी नोंद राहिली आहे. वीस आणे भरली तर कोणाची तरी दोनदा झाली आहे. धारकांची संख्या मोजून जे कळत नाही ते या बेरजेतून कळते, म्हणून हीदेखील नात्याची मोजणीच आहे.

अनाथ नोंदी

गट १०६ ची ओळ ही अनाथ नोंद आहे. ती ज्याकडे बोट दाखवते ते अस्तित्वात नाही. फॉरेन कीचे बंधन डेटाबेसमध्ये घातलेले असेल तर अशी ओळ आत येऊच शकत नाही. परंतु जुन्या प्रणालीतून माहिती घाईने उचलताना किंवा वेग वाढवण्यासाठी ही बंधने कित्येकदा काढली जातात आणि पुन्हा घातली जात नाहीत. तेव्हा नाते केवळ गृहीत असते.

अशा गृहीत नात्याची मोजणी दोन प्रकारे करतात. धारणेतील ९ ओळींपैकी ८ ओळींना जमीन सापडते, म्हणजे सुमारे ८९ टक्के. धारणेत आलेल्या ५ वेगवेगळ्या गट क्रमांकांपैकी ४ सापडतात, म्हणजे ८० टक्के. पहिला आकडा किती नोंदी बाधित आहेत हे सांगतो, दुसरा किती ठिकाणे तपासायची हे सांगतो. दोन्ही देणे योग्य.

अनाथ दिसणारी प्रत्येक नोंद खरोखर अनाथ असतेच असे नाही. मराठी नोंदींत तर एक खास कारण आढळते. एका तक्त्यात गट क्रमांक देवनागरी अंकांत आणि दुसऱ्यात इंग्रजी अंकांत टंकलेला असेल, तर वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात, पण स्तंभ अक्षरांचा असल्यास संगणकासाठी ती वेगळी मूल्ये ठरतात. पोटहिस्सा एकीकडे तिरप्या रेघेने आणि दुसरीकडे आडव्या रेघेने लिहिणे, क्रमांकाच्या शेवटी न दिसणारी मोकळी जागा राहणे, हीही तशीच कारणे. म्हणून जुळणीचे प्रमाण कमी निघाले की नोंदी पुसण्याआधी लेखनपद्धती तपासणे इष्ट ठरते.

याउलट, जुळणी शंभर टक्के निघाली म्हणून नाते सिद्ध होत नाही. १ पासून सुरू होणारे अनुक्रमांक अनेक तक्त्यांत असतात. शंभरपर्यंतचे अनुक्रमांक हजारपर्यंतच्या अनुक्रमांकांत पूर्णपणे सापडणारच, त्यांचा एकमेकांशी काही संबंध असो वा नसो. आकडा संशय दाखवतो, अर्थ माणसानेच तपासावा लागतो.

डेटाबेसचा स्वतःचा अंदाज

नाती मोजण्याची गरज अहवाल लिहिणाऱ्यालाच असते असे नाही. डेटाबेसही ती सतत मोजत असतो. प्रश्न आला की तक्ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या रीतीने जोडायचे, हे त्याला आधी ठरवावे लागते आणि त्यासाठी जोडीतून किती ओळी निघतील याचा अंदाज लागतो. आयबीएमच्या सिस्टीम आर या प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत आजही या अंदाजांच्या मुळाशी आहे. दोन तक्त्यांच्या ओळींचा गुणाकार करायचा आणि जोडणाऱ्या स्तंभांतील वेगवेगळ्या मूल्यांच्या दोन संख्यांपैकी मोठ्या संख्येने त्याला भागायचे.

धारणा आणि जमिनी यांसाठी हा अंदाज ९ गुणिले ५ भागिले ५, म्हणजे ९ येतो. प्रत्यक्षात ८ ओळी निघतात. फरक त्या अनाथ नोंदीचा आहे, कारण लहान बाजूची सर्व मूल्ये मोठ्या बाजूत सापडतील असे हे सूत्र गृहीत धरते. दुसरे गृहीत अधिक महाग पडते. कोण कोणाचे सहधारक आहेत हे काढण्यासाठी धारणेचा तक्ता गट क्रमांकावरून स्वतःशीच जोडला, तर अंदाज ९ गुणिले ९ भागिले ५, म्हणजे सुमारे १६ येतो. प्रत्यक्षात गटागटाच्या संख्यांचे वर्ग मिळवावे लागतात: १६, १, ४, १ आणि १, एकूण २३. धारक सर्व गटांत सारखे विभागले आहेत असे सूत्र मानते आणि चार धारकांचा गट ते मोडून काढतो. नात्याची सरासरी तीच ठेवून विषमता वाढवली, तर ही तफावतही वाढत जाते.

एकापाठोपाठ अनेक तक्ते जोडताना अशा चुका एकमेकींवर चढतात. जोडण्यांच्या संख्येबरोबर ही चूक घातांकी वेगाने वाढू शकते, हे योआनिस इओआनिडिस आणि स्तावरोस क्रिस्टोडुलाकिस यांनी १९९१ मध्ये दाखवले. थोड्या ओळी येतील या भरवशावर निवडलेली जोडणीची रीत प्रत्यक्षात लाखो ओळी आल्यावर रखडते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. म्हणून पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये ॲनालाइझ ही आज्ञा प्रत्येक स्तंभातील वेगवेगळ्या मूल्यांचा अंदाज, सर्वाधिक वेळा येणारी मूल्ये आणि उरलेल्यांची विभागणी यांची नोंद नमुन्यावरून करून ठेवते. माहितीत मोठे बदल झाल्यावर ती पुन्हा चालवणे आवश्यक असते.

कशाची मोजणी, हा पहिला प्रश्न

मोजणी बिनचूक असूनही उत्तर चुकीचे येऊ शकते, कारण मोजलेले नाते आणि विचारलेले नाते वेगळे असते. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी ही २०१९ मध्ये जाहीर झालेली केंद्रीय योजना शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत देते. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले. जमिनीच्या दप्तरात मात्र कुटुंब नावाचा तक्ता नसतो, व्यक्तींची नावे असतात. पती-पत्नी दोघेही धारक असतील तर दोन ओळी म्हणजे एक कुटुंब. चार सज्ञान, विवाहित भाऊ एका गटावर असतील तर चार ओळी म्हणजे चार कुटुंबे. धारक मोजून कुटुंबे ठरवायची तर मध्ये आणखी एक नाते आहे आणि ते वेगळे मोजावे लागते.

गोव्यात या प्रश्नाला कायद्याचा आणखी एक पदर आहे. तेथे लागू असलेल्या पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार झालेला नसल्यास पती-पत्नींच्या मालमत्तेची समाईक धारणा हा सर्वसाधारण नियम आहे. उताऱ्यावर एकच नाव असले तरी हक्क दोघांचा असू शकतो. दप्तर एक मोजते, कायदा दोन.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र वारसनोंदीत दिसते. वडिलांच्या पश्चात तीन भावांची नावे लागली, प्रत्येकाला पाच आणे चार पै आले, बेरीज बरोबर सोळा आणे झाली. अनाथ नोंद नाही, रिकामा स्तंभ नाही, प्रत्येक क्रमांकाला जोडीदार आहे. आणि बहिणीचे नाव कुठेच नाही. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला, गोव्याच्या नागरी कायद्यातही मुलगी समान वारस आहे. तरीही जी ओळ कधी लिहिलीच गेली नाही, ती कोणत्याही काउंटमध्ये येत नाही. तिचा शोध घ्यायचा तर जमिनीचा तक्ता जन्मनोंदीशी किंवा शिधापत्रिकेशी ताडून पाहावा लागतो. तक्त्याचे नाते तक्त्याबाहेरच्या जगाशी मोजावे लागते.

मोजणीचा क्रम

कोणतीही नवी माहिती हाती आली की जाणकार काही ठरावीक क्रमाने चालतात. प्रथम प्रत्येक तक्त्याच्या ओळी आणि प्रायमरी कीची वेगवेगळी मूल्ये मोजून ती समान आहेत का, हे पाहिले जाते. मग प्रत्येक नात्याच्या दोन्ही टोकांची किमान, कमाल, सरासरी आणि मध्यक काढले जातात, शून्यासह. त्यानंतर अनाथ ओळी आणि फॉरेन कीमधील रिकाम्या जागा मोजल्या जातात. जोडणी करण्यापूर्वीची आणि नंतरची ओळींची संख्या ताडली जाते. शेवटी कमाल आकडा असलेल्या दोनचार ओळी उघडून प्रत्यक्ष वाचल्या जातात, कारण चाळीस धारकांचा गट ही चूक आहे की तीन पिढ्यांची न झालेली वाटणी, हे आकडा सांगत नाही.

ही मोजणी एकदा करून संपत नाही. गाव नमुना ६ मध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद होते आणि प्रत्येक फेरफारानिशी नात्यांचे आकडे बदलतात. म्हणून मोजणीसोबत तिची तारीख लिहिणे हेही त्या मोजणीचाच भाग आहे. गेल्या वर्षी दोन अनाथ नोंदी होत्या आणि यंदा दोनशे आहेत, ही माहिती कोणत्याही एका वर्षाच्या आकड्यापेक्षा मोलाची असते. ती हाती असलेल्या कार्यालयात चूक दप्तरातच सापडते. नसलेल्या कार्यालयात ती उतारा हातात घेऊन खिडकीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला सापडते.